मुठीतला फोन आणि पुसट झालेली ‘ए’ची कळ

‘परीक्षानळी’ या सदरात आजवर पिण्याचे पाणी, साबण, एसीच्या खोलीत गोठणारे खोबरेल तेल आणि गणपतीचे रंग अशाच विषयांची परीक्षा झाली. या वेळी एक फोन हाती आला आहे. नवा नव्हे, चांगला पंधरा वर्षांच्या वरचा. परीक्षानळीत तो जाणार नाही, पण अडीचशे मिलिलिटरच्या चंचुपात्रात उभा ठेवला तर त्याचे डोके काठाच्या वर येत नाही. आम्ही ठेवून पाहिला. (चंचुपात्र कोरडे होते, हे सांगणे न लगे.)

फोन आमच्याकडे कसा आला, हे आखाती वाचकांना फार समजावून सांगायला नको. एखादे कुटुंब मस्कत सोडून कायमचे परत निघाले की सोफा आणि वॉशिंग मशीन विकले जाते, तुळशीची कुंडी शेजारी जाते, आणि शेवटी उरलेले वायरींचे खोके ज्याला नाही म्हणता येत नाही अशा मित्राच्या घरी येते. असे खोके आमच्याकडे आले. त्यात तीन जुने चार्जर, एक कॅल्क्युलेटर आणि तळाशी हा फोन होता. आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी तो उचलून पहिला प्रश्न केला, “आई, हा मोठा कधी होणार?”

त्याचे नाव मात्र त्याच्यापेक्षा लांब आहे: सोनी एरिक्सन एक्सपीरिया एक्स१० मिनी प्रो. फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल प्रदर्शनात तो जगापुढे आला. उंची ९० मिलिमीटर, रुंदी ५२, जाडी १७, वजन १२० ग्रॅम. पडदा अडीच इंचांहून किंचित मोठा. आज आपल्या खिशातले फोन सहा इंचांच्या पुढे गेले आहेत, म्हणजे नुसत्या उंचीतच याच्या पावणेदोनपट. तो तळहातावर ठेवला की प्रथम वाटते, ही एखाद्या फोनची किल्ली असावी. मग पडद्याला अंगठ्याने आडवा रेटा दिला की ‘टक्’ असा आवाज होतो आणि पडद्याखालून आख्खा कळफलक बाहेर येतो. लाकडी कंपासपेटीचे सरकते झाकण ज्यांनी शाळेत उघडमीट करून बाईंचा ओरडा खाल्ला आहे, त्यांना हा फोन खाली ठेवणे कठीण जाईल. आम्हाला गेले.

त्या ‘टक्’मध्ये जरा थांबू. कळफलकाला चार ओळी आहेत. प्रत्येक कळ शेजारणीपासून सुटी आणि मधोमध किंचित फुगीर. अशा कळीखाली पातळ पोलादी पत्र्याची एक चिमुकली घुमटी असते. बोट दाबले की ती आत बसते, खालच्या दोन तारा जोडल्या जातात. बोट उचलले की घुमटी पुन्हा वर. म्हणजे अक्षर उमटल्याची बातमी डोळ्यांच्या आधी बोटाला कळते. काचेच्या पडद्याचे तसे नाही. काचेवर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा एक थर असतो, वीज वाहणारा आणि तरीही आरपार दिसणारा. बोट जवळ आले की तिथल्या विद्युतभारात फरक पडतो आणि फोनला जागा समजते. बोटाला स्वतःला काहीच समजत नाही, म्हणून नजर सतत काचेवर खिळवावी लागते. शिवाय जाड हातमोजे घातले की काच आम्हाला ओळखेनाशी होते, हा प्रयोगशाळेतला रोजचा अनुभव. घुमटीला मात्र हात मोज्यात आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही.

पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार चिन्हे आहेत, आपल्या पसंतीची ठेवता येतात. एका हातात फोन धरला तर त्याच हाताचा अंगठा चारही कोपऱ्यांपर्यंत पोचतो. मत्राहच्या मासळीबाजारात एका हातात सुरमईची पिशवी आणि दुसऱ्या हातात आजचा फोन धरून ज्यांनी ‘किती आणू?’ असे घरी विचारायचा प्रयत्न केला आहे, त्यांना या कोपऱ्यांचे मोल कळेल. मोठ्या पडद्याने आपल्याला पुष्कळ दिले, पण आपला एक हात कायमचा कामाला लावला.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा, उन्हात बरा. सिमकार्ड जुन्या मोठ्या आकाराचे लागते, आजचे नखाएवढे सिम बसवायला प्लास्टिकची चौकट घालावी लागली. ओमानमध्ये ३जी सेवा २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि ४जी या फोनला ठाऊकच नाही, म्हणून इंटरनेट घरच्या वायफायवर. तिथेही आजची बहुतेक संकेतस्थळे याला दारातूनच परत पाठवतात, कारण सुरक्षेची नवी कुलपे याच्या किल्लीने उघडत नाहीत. व्हॉट्सअॅप तर विचारूच नका, ते आता अँड्रॉइडच्या ५.० या आवृत्तीखाली चालत नाही. हा फोन बाजारात आला १.६ घेऊन आणि पुढे २.१ वर चढून तिथेच थांबला. ज्या कंपनीचे नाव पाठीवर आहे तीही राहिलेली नाही. २०१२ मध्ये एरिक्सनचा वाटा सोनीने घेतला आणि जोडनाव संपले.

बॅटरीबद्दल मात्र रसायनशास्त्राच्या नावाने दोन वाक्ये बोलणे भाग आहे. या फोनची बॅटरी झाकण उघडून नखाने काढता येते, ही आम्हाला त्याची सर्वांत शहाणी गोष्ट वाटली. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत म्हातारी होत असते, आणि उष्णतेने हे म्हातारपण वेगाने येते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. आपण राहतो तो देश कोणता, तर जिथे २६ जून २०१८ रोजी कुरियातला चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. तेव्हा खणात जुने फोन पडले असतील तर एकदा काढून पाहा. पाठ फुगलेली दिसली तर तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, बॅटरीला टोचून तर मुळीच पाहू नका. चालू फोनही दुपारी गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. या फोनला आम्ही दुसरी बॅटरी घालूनच तो सुरू केला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फोन स्वच्छ पुसताना एक गोष्ट नजरेला आली. बाकी सगळ्या कळांवरची इंग्रजी अक्षरे ठळक आहेत, पण ‘ए’ची कळ जवळजवळ कोरी झाली आहे. छपाईचा दोष म्हणावा तर शेजारची ‘एस’ धडधाकट. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या बोटाखाली सर्वांत जास्त येते ते ‘ई’, हे छापखान्यातल्या जुळाऱ्यांनाही ठाऊक होते. मग इथे ‘ई’ शाबूत आणि ‘ए’ झिजलेले, हे कसे?

आम्ही कागद घेतला आणि मंडळाच्या निरोपासारखे एक वाक्य लिहिले: ‘गणपतीच्या आरतीला सगळ्यांनी संध्याकाळी सात वाजता दारसैतला जमावे, प्रसाद आणावा.’ आपण मोबाइलवर लिहितो तसे ते इंग्रजी अक्षरांत मांडले आणि मोजले. स्वल्पविराम वगैरे सोडून एकूण ७३ अक्षरे भरली. त्यांतली २५ ‘ए’. म्हणजे तिसरा हिस्सा! आपला अ, आपला आ, आणि व्यंजनात दडलेला प्रत्येक ‘अ’ या एकाच कळीवर येऊन पडतो. तेव्हा हा फोन मराठीत बोलत होता आणि इंग्रजीत लिहीत होता, हे निदान नक्की झाले. खात्रीसाठी पुण्याला फोन करून मूळ मालकांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, “अहो, रोज रात्री त्यावरून दादांना गावी निरोप जायचा. दादांना इंग्रजी वाचता यायचे नाही, पुतण्या वाचून दाखवायचा.”

मस्कतहून मुलाने लिहिले ते मराठीच, वडिलांनी ऐकले तेही मराठीच, पण मध्ये अक्षरांची अशी भिंत की ती ओलांडायला तिसरा माणूस लागावा! आणि हे एका घरापुरते नव्हते. ओमानमध्ये जीएसएम मोबाइल सेवा आली १९९६ साली, दुसरी कंपनी आली २००५ साली. त्या पहिल्या पंधरा वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी गावी पाठवलेला मोबाइलवरचा प्रत्येक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत गेला.

यात आपल्या आळसाचा वाटा आहे असे म्हणणारे ज्येष्ठ मंडळात आहेत. आम्हाला ते अर्धेच पटते. हिशेब पाहा. एका एसएमएसमध्ये जागा असते १४० बाइटची. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावते, म्हणून अशी १६० अक्षरे बसतात. देवनागरी पाठवायची तर प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. आणि चिन्ह म्हणजे काय? काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला पाय मोडण्याचे चिन्हही वेगळे. वरचे आरतीचे वाक्य ‘जमावे’पर्यंत ६२ चिन्हांत आटोपते. पुढे ‘प्रसाद आणावा’ म्हटले की ७५ होतात आणि एका एसएमएसचे दोन एसएमएस. इंग्रजी अक्षरांत तेच वाक्य ८२ जागांत संपून आणखी जवळपास तेवढीच जागा शिल्लक! परदेशी एसएमएसचा दर आठवणाऱ्यांना प्रसादाची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि हे झाले पैशांचे. या छोट्या फोनवर तर पैसे मोजायची तयारी असूनही मराठी लिहिता येत नव्हते. आम्ही संगणकावरून ‘नमस्कार’ हा शब्द त्याच्यात उतरवून पाहिला. पडद्यावर ओळीने चौकोन उमटले. त्या काळच्या अँड्रॉइडचा हा सर्वसाधारण रिवाज होता. अक्षरांचा संच भरून भागत नाही. मराठीत ऱ्हस्व वेलांटी मागाहून टंकली तरी आधी दिसावी लागते, ‘क्ष’मध्ये दोन अक्षरे विरघळून तिसरेच रूप तयार व्हावे लागते, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसावा लागतो. ही जुळणी अँड्रॉइड नीट करू लागले ते २०११-१२ च्या सुमारास. त्याआधी ज्यांना फोनवर मराठी वर्तमानपत्र वाचायचेच होते, ते ऑपेरा मिनीमध्ये एक गुप्त खिडकी उघडून असा बदल करत की अक्षरांऐवजी अक्षरांचे चित्रच उतरून येई. वाचता येई, पण उत्तर लिहिता येत नसे.

समजा पडद्याने मराठी दाखवली असती, तरी कळांचे काय? टाइपरायटरच्या काळापासून हा आपला जुना दुखरा गुडघा आहे. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात. आपली व्यंजने, स्वर, मात्रा आणि जोडाक्षरांचे अर्धे भाग तेवढ्याच कळांवर बसवताना मराठी टंकलेखकांच्या पिढ्यांनी बोटे मोडून घेतली. संगणकासाठी सरकारने १९८० च्या दशकात इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, आणि त्यातही क-ख, ग-घ अशा जोड्या एकेका कळीवर. मांडणी इतकी तर्कशुद्ध आहे की आमच्यासारख्या आवर्तसारणीच्या भक्तांना ती बघूनच आनंद होतो. ‘ळ’ तिथे ‘ल’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून. पण दोन मजल्यांची ही बिऱ्हाडे संगणकाच्या रुंद कळेवर चिकटपट्टीने दाखवता येतात. या फोनच्या तांदळाएवढ्या कळेवर आधीच इंग्रजी अक्षर, आकडा आणि एखादे चिन्ह राहते. तिथे ‘क’ आणि ‘ख’ने भाड्याने खोली मागायची कुठे?

म्हणजे ज्या कळफलकाने आमचे मन जिंकले, त्याचा गुण तोच त्याचा दोष. कळ बोटाला कळते कारण ती पक्की आहे, आणि ती पक्की आहे म्हणून कारखान्यात जी भाषा छापली ती कायमची. काचेवर काहीच छापलेले नसते. आज इंग्रजी, घटकेत अरबी, पुढच्या क्षणी मराठी. आम्हाला काच आवडत नाही, हे वर लिहिलेच आहे. पण मराठीचे तिने भले केले हे कबूल केले पाहिजे.

त्याचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक तयार केला. तो २०१३ पासून लोकांच्या हाती आला. त्यात व्यंजने आपल्या शाळेतल्या तक्त्याप्रमाणे मांडलेली असतात: क ख ग घ, खाली च छ ज झ. ‘क’वर बोट ठेवले की त्याच्याभोवती चक्र उमलते, का, कि, की, कु, कू… बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचे आणि सोडायचे. बाराखडी फिरवून गोल केली आहे, एवढेच. या छोट्या फोनमध्ये कळफलक सरकतो. तिथे कळफलक जागच्या जागी आणि बोट सरकते. मराठीचा स्वभाव व्यंजनाला स्वर चिकटवण्याचा, तो ओळखून केलेले हे काम आहे. इंग्रजीसाठी बनवलेल्या फडताळात मराठी कोंबण्याचा उद्योग त्यात नाही.

“पण आता लिहायचे कशाला?” असे आमचे ‘हे’ विचारतात. व्हॉइस मेसेज आहे, व्हिडिओ आहे, फोनला तोंडी सांगितले तर तोच मराठी टंकून देतो. खरे आहे. २०१७ पासून गूगलला मराठी ऐकून लिहिता येते आणि वडीलधाऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे. आमच्या सासूबाई सांगलीहून रोज बोलून निरोप पाठवतात. पण औषधांच्या वेळा, दिवाळीच्या फराळाचे प्रमाण, कोणाच्या लग्नाची तारीख, हे त्या बोलून सांगत नाहीत. म्हणतात, “अगं, ते ऐकलेलं राहत नाही डोक्यात. तू आपलं लिहूनच टाक, आणि मराठीत टाक. ती इंग्रजीतली मराठी वाचताना मला दात नसल्यासारखं होतं.”

दात नसल्यासारखे! याहून नेमके वर्णन आम्हाला सापडलेले नाही. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरे घ्या. काल, काळ, कळ, कल, यांपैकी काहीही होऊ शकते. ‘कालपासून कळ येतेय’ हे पोटदुखीचे वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहून डॉक्टर असलेल्या मित्राला पाठवून पाहा. आपल्या मस्कतकरांची तर खास अडचण. मागे गटावर निरोप आला होता, त्यात ‘व्ही-ए-डी-आय’ दोनदा होते. सहलीला जायचे होते वादीला आणि आणायची होती वडी. एका घराने समजून घेतले की वाडीला जायचे आहे, आणि कोणाच्या वाडीला म्हणून उलट विचारणा झाली. आपण हसतो, कारण आपल्याला तीनही शब्द आधीपासून ठाऊक आहेत. डोक्यात देवनागरी आहे, म्हणून इंग्रजी अक्षरांतूनही ती आपल्याला दिसते.

मुलांच्या डोक्यात ती नाही. खरी काळजी इथे आहे. आमच्या चिरंजीवांची मराठी तीन ठिकाणांहून येते: आमच्या तोंडून, आजीच्या फोनवरून आणि घरातल्या व्हॉट्सअॅप गटावरून. पहिल्या दोन ठिकाणी तो ऐकतो. वाचतो फक्त तिसऱ्या ठिकाणी. आणि तिथे आपण आजही, एसएमएसचा दर गेला, चौकोन गेले, पडदा हात जोडून उभा आहे तरीही, ‘ए’ बडवत बसलो आहोत. मुलगा ‘डोळे’ हा शब्द ‘डोले’ असा म्हणू लागला तेव्हा आम्ही आधी हिंदीला दोष दिला. मग गट उघडून पाहिला. त्याने डोळे, फळा, बाळ, शाळा हे सगळे शब्द लिहिलेले पाहिले होते, पण ‘एल’ने. ‘ळ’ त्याने कागदावर पाहिलाच नव्हता.

अमेरिकेतल्या नातलगांपेक्षा आपले एक बरे आहे. इथल्या भारतीय शाळांमुळे आपली पुष्कळशी मुले हिंदीच्या निमित्ताने देवनागरी शिकतात. पायरी बांधलेली आहे, शेवटचे दोन-तीन दगड बसवायचे आहेत. एक ‘ळ’. दुसरा तो अर्धचंद्र, ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’मधला. तिसरा आमचा लाडका, अर्ध्या ‘र’चा: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. एकाच देशात दोन्ही असलेल्या आपल्या लोकांना हा फरक लिहिता यायला हवा. इनस्क्रिप्टमध्ये हा ‘ऱ’ ‘र’च्याच कळीवर शिफ्टने मिळतो.

तेव्हा विनंती अशी. फोनच्या सेटिंगमध्ये भाषा आणि कळफलक असा भाग असतो, तिथे मराठी जोडा. हिंदी जोडून काम भागेल असे समजू नका, ‘ळ’ शोधताना दमछाक होईल. आयफोनवरही मराठी कळफलक अंगचाच आहे, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. इंग्रजीत टंकले की मराठी उमटणारी सोयही मिळते. घाईत असलेल्या मोठ्यांसाठी ती ठीक, पण मुलांना ती देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण त्यात मूल इंग्रजी स्पेलिंगचाच विचार करते आणि मराठी अक्षर यंत्र निवडते. मुलांना क, ख, ग दिसणारा कळफलकच द्या. पहिले दोन आठवडे ती कुरकुरतील. आमच्याकडे कुरकुर नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी आजीला ‘केळी संपली’ असा निरोप गेला. केळी संपली नव्हती. त्याला ‘ळ’ सापडला होता.

काही वाचक विचारतील, या जुन्या अंकांसाठी रात्र रात्र जागलेल्या मंडळींचे काय? त्यांनी तर मराठीतच लिहिले. होय, आणि त्यांचे हालही कमी नव्हते. श्रीलिपीत किंवा आकृतीत जुळवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे. अंक कागदावर छापून झेरॉक्स केला की मगच तो सर्वांना सारखा दिसायचा. आपण अजूनही झेरॉक्स काढतो याचे एक कारण तेही असावे, दुसरे म्हणजे ज्येष्ठांना स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायला अंक लागतो.

मंडळाच्या पुढच्या शुक्रवारच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी एक टेबल आम्ही मागून घेतले आहे. ज्यांना फोनवर मराठी कळफलक बसवून हवा असेल त्यांनी फोन आणि पासवर्ड (म्हणजे पासवर्ड आठवणारे माणूस) सोबत आणावे; एका फोनला पाच मिनिटे पुरतात. हा छोटा फोनही तिथे ठेवू. मुलांनी पाहिजे तेवढा सरकवावा, मात्र झाकण आणि पडदा जोडणारी आतली पातळ पट्टी प्रत्येक वेळी वाकत असते, तेव्हा आपटून उघडू नये. त्याच टेबलावर दिवाळी अंकाच्या मुलांच्या पानासाठी मजकूर घेतला जाईल: आजी किंवा आजोबांना पाच ओळींचे पत्र, मुलाने स्वतः फोनवर देवनागरीत टंकलेले, आईवडिलांनी न सुधारलेले. चुका असतील तशा छापू. झेरॉक्सच्या हिशेबाने वीस पत्रांची जागा आहे. जास्त आली तर संपादकांनी एक पान वाढवण्याचे तोंडी कबूल केले आहे. ते आम्ही इथे लेखी करून ठेवतो.